ठाकुर्लीचे पॉवर हाऊस आणि कारखान्याचे घर

किल्ले, देवळे, राजवाडे आणि वाडे यांच्या बांधणीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. चौसोपी वाड्याचा चौक कशासाठी, दिंडीदरवाजा बुटका का, बुरूज गोल का, हे शाळकरी मुलासही थोडेबहुत सांगता येते. परंतु ज्या इमारतींत गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील लक्षावधी माणसांनी आपल्या आयुष्याचे निम्मे जागेपण घालविले, त्या कारखान्यांच्या इमारतींविषयी आपले वाङ्मय जवळजवळ मुके आहे. चार भिंती आणि वर पत्रा, यात पाहावयाचे ते काय, अशी आपली सर्वसाधारण समजूत दिसते. गिरणी कामगाराच्या सुखदुःखाच्या कथा आपण लिहिल्या. तो ज्या छपराखाली उभा राहिला ते छप्पर तसे का होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

कारखान्याची इमारत वाचावयाची झाल्यास तिला तीन प्रश्न विचारावे लागतात. यंत्र फिरविणारी शक्ती कोठून येते, उजेड व वारा कोठून येतो, आणि ओझे कोणत्या जागी पडते? या तिहींत पहिला प्रश्न वडील भावाचा आहे. बाकीचे दोघे त्याच्या तंत्राने चालतात. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले आणि त्याबरोबर कारखान्याचे घर मुळापासून बदलले. आपल्या भागात हा बदल डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर कल्याण व डोंबिवली यांच्या मधल्या ठाकुर्ली या लहानशा स्थानकापाशी यावे लागते. तेथे जे पॉवर हाऊस १९२९ साली उभे राहिले, ते जवळच्या चोळे गावाच्या नावाने ‘चोळा पॉवर हाऊस’ म्हणून ओळखले जात असे.

पण ठाकुर्लीस येण्यापूर्वी मुंबईच्या गिरणीत डोकावले पाहिजे. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे कापडगिरणीची कंपनी काढली व १८५६ साली ती गिरणी चालू झाली. तिच्या मागून जी गिरण्यांची रांग परळ-लालबागपर्यंत पसरली, तिच्यातील बहुतेक इमारती तीनचार मजल्यांच्या, लांबट आणि त्या मानाने अरुंद आहेत. जागा महाग म्हणून मजले चढविले, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. खरे कारण वाफेच्या इंजिनात आहे. गिरणीस शक्ती देणारे इंजिन एकच असे. त्याच्या अवाढव्य चाकावर खाचा पाडलेल्या असत आणि त्या खाचांतून जाड दोरखंड वर जाऊन प्रत्येक मजल्यावरील लांब लोखंडी दांडा फिरवीत. त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली येत व एकेक यंत्र हलवीत. दांडा जितका लांब तितकी शक्ती घर्षणात वाया जाणार. म्हणून यंत्रे एकाच मजल्यावर दूरवर पसरण्यापेक्षा इंजिनाभोवती एकावर एक रचणे सोयीचे. इमारतीची रुंदीही मनमानी वाढविता येत नसे, कारण दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून येणारा उजेड मध्यभागी पोहोचला पाहिजे. पिंजणीची जड यंत्रे खाली, सूत काढणारी वर, असा क्रम साधारणतः ठेवीत. आणि माग तर शक्यतो जमिनीवरच मांडीत, कारण शेकडो माग एका तालात ठोके देऊ लागले की वरचा मजला थरथरू लागतो. सरकी-कापसाचा भुगा, तेलाने भिजलेल्या लाकडी जमिनी आणि उघडे दिवे हे तिन्ही एकत्र आले म्हणजे आग लागावयाचीच. म्हणून बिडाचे खांब, लोखंडी तुळया व त्यांच्यामध्ये विटांच्या चपट्या कमानी अशी जमिनीची रचना इंग्लंडातून आली. आणि या सर्वांच्या डोक्यावर धुराडे! धुराडे हे गिरणीचे निशाण होते. कोसभर अंतरावरून परका मनुष्य सांगे की तेथे गिरणी आहे.

कचेरी या इमारतीत नसे. ती फाटकाजवळ, वेगळ्या बैठ्या बंगल्यात, व्हरांडा व झिलमिल्यांच्या खिडक्या यांसह राही. आवाज, भुगा आणि दमट हवा यांपासून कारकुनांना व मालकांना दूर ठेवावयाचे, हा हेतू उघड आहे. हिशेब एकीकडे आणि श्रम एकीकडे, अशी ती वाटणी वास्तूनेच करून ठेविली होती.

१९१५ साली टाटांच्या जलविद्युत् कंपनीने खोपोली येथे सह्याद्रीच्या पाण्यावर वीज काढली व ती मुंबईच्या गिरण्यांना देऊ केली. भिवपुरी १९२२ साली आणि भिरा १९२७ साली तिच्या जोडीस आली. गिरणीत तारेने शक्ती येऊ लागली तरी इमारती लगेच बदलल्या नाहीत. जुन्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसवावी आणि तिच्याकडून तोच जुना दांडा फिरवून घ्यावा, असे प्रथम सर्वत्रच होई. मनुष्यस्वभावास ते धरूनच आहे; मोटरगाड्या आल्या तेव्हा त्यांचा आकारही घोडागाडीसारखाच होता. पण हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की प्रत्येक यंत्रास स्वतःची लहान मोटर देता येते, आणि मग दांडा नको, पट्टा नको, दोरखंडाची विहीर नको. यंत्र जेथे कामाच्या ओघात सोयीचे तेथे मांडावे. तार त्याच्यापर्यंत येईल. अमेरिकेत डेट्रॉइट येथे आल्बर्ट कान या वास्तुविशारदाने १९१० च्या सुमारास फोर्डसाठी हायलंड पार्क येथे चारमजली कारखाना बांधला, आणि त्यानंतर दहा वर्षे होण्याच्या आतच रिव्हर रूज येथे तोच कान त्याच फोर्डसाठी एकमजली, विस्तीर्ण शेड उभारू लागला. कारखान्याने शिडी सोडून चटई अंथरली ती अशी.

शक्ती तारेने येणार, परंतु ती प्रथम कोठेतरी निर्माण झाली पाहिजे. आणि जेथे ती निर्माण होते ते घर मात्र पूर्वीपेक्षाही जड, उंच आणि धुराड्याचे असते. ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसचे महत्त्व येथे आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत गेली. कल्याणहून लोहमार्गाचे दोन फाटे झाले: एक थळघाटाने इगतपुरीकडे, दुसरा बोरघाटाने पुण्याकडे. दोन्ही घाटांत चढ सदतीस फुटांस एक फूट इतका. वाफेच्या इंजिनांचा या चढावर जीव घाबरा होई. मागून ढकलावयास आणखी इंजिने लावावी लागत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी जी. आय. पी. रेल्वेने मुंबईहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेची पहिली गाडी चालविली. ती शहरापुरती होती. तिला टाटांची वीज पुरे झाली. घाट विजेवर आणावयाचे ठरल्यावर मात्र रेल्वेने स्वतःचे पॉवर हाऊस बांधण्याचा निर्णय घेतला. जागा निवडताना त्यांनी नकाशा नीट पाहिला असला पाहिजे. दोन्ही घाटांचे ओझे जेथे एकत्र येते ते कल्याण. दगडी कोळसा रेल्वेच्याच वाघिणींतून थेट दारात येणार. वाफ थंड करावयास लागणारे अपार पाणी उल्हास नदीच्या खाडीच्या परिसरात मिळणार. शक्ती, कोळसा आणि पाणी या तिहींच्या रेषा ठाकुर्लीस एकमेकींना छेदतात. १९२९ साली पुण्यापर्यंत विजेची गाडी गेली, आणि १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. त्या गाडीवर आपण लेख लिहिले, गाणी रचली. तिला जेवू घालणारी चूल ठाकुर्लीस पेटत होती, याची आठवण फार थोड्यांना राहिली.

कोळशाच्या पॉवर हाऊसची रचना हा एक सुसंगत पाठ आहे. कोळसा उंच कोठारात चढवितात, म्हणजे तो स्वतःच्या वजनाने बॉयलरच्या तोंडी उतरेल. म्हणून बॉयलरघर उंच. त्याच्या पलीकडे टर्बाइनचे दालन: लांब, रुंद आणि मधे एकही खांब नसलेले. खांब नसण्याचे कारण डोक्यावरची यारी. टर्बाइनचे झाकण किंवा चक्र बिघडले तर कित्येक टनांचा तो तुकडा उचलून दालनाच्या टोकापर्यंत न्यावा लागतो; यारी दोन्ही भिंतींलगतच्या रुळांवरून धावते आणि तिचे ओझे भिंतींतील लोखंडी खांब घेतात. वाचकांनी देवळाच्या सभामंडपाची तुलना मनात आणली असेल; तेथे खांब मोजावयाचे असतात, येथे ते नाहीत हे पाहावयाचे असते. टर्बाइन स्वतः मात्र इमारतीस स्पर्शसुद्धा करीत नाही. तिचा काँक्रीटचा चौथरा जमिनीतून स्वतंत्र वर येतो आणि सभोवतीच्या फरशीत व त्याच्यात एक बारीक फट राखलेली असते. मिनिटास शेकडो-हजारो फेरे घेणाऱ्या यंत्राची थरथर भिंतींपर्यंत जाऊ नये, एवढ्यासाठी ही अस्पृश्यता. चौथऱ्याच्या खाली वाफेचे पुन्हा पाणी करणारी पात्रे, आणि त्यांच्याकडे जाणारे पाण्याचे नळ. म्हणजे जे दालन आपणास एकमजली वाटते ते वस्तुतः दुमजली असते. शेवटी नियंत्रणाची खोली: स्वच्छ, शांत, काचेच्या भिंतीआडून टर्बाइनवर नजर ठेवणारी. बर्लिनमध्ये पेटर बेहरेन्स याने १९०९ साली टर्बाइन बनविण्याच्या कारखान्यास काच व पोलाद यांचे जे भव्य रूप दिले, त्याचे वास्तुशास्त्रज्ञ आजही कौतुक करतात. परंतु आमच्या मते त्या इमारतीतील सौंदर्याचा मोठा वाटा यारीचा आहे. तिला जे अंतर हवे होते तेच बेहरेन्सने सुरेख मापात बसविले.

घाटाच्या रेल्वेचे पॉवर हाऊस म्हटले म्हणजे आणखी एक अडचण. शहराचा दिवाबत्तीचा खप संध्याकाळी वाढतो, रात्री उतरतो. त्याचा अंदाज बांधता येतो. मालगाडी घाट चढू लागली की ओझे एकाएकी उसळते, ती माथ्यावर पोहोचली की तितक्याच वेगाने कोसळते. जी. आय. पी. ने घाटासाठी आणलेली ४१ विजेची इंजिने लांब नाकाची होती, म्हणून त्या घराण्याच्या इंजिनांना ‘मगर’ म्हणत. उतारावर त्यांच्या मोटरी उलट वीज निर्माण करून तारेत परत देत. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देई. तरीही चूल सदैव पेटती आणि एखादे यंत्र सदैव राखीव ठेवावे लागे. रात्रंदिवस माणसे हाताशी हवीत. म्हणून कारखान्याबरोबर वस्तीही आली. कल्याण-ठाकुर्लीच्या दरम्यानचा ‘बारा बंगला’ हा भाग रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवरून नाव घेऊन बसला आहे. साहेबांना झाडीतले बंगले आणि फिटर-खलाशांना चाळी, ही वाटणी गिरणीच्या कचेरीच्याच जातीची. फक्त आता ती एका गावभर पसरली.

आता तारेच्या दुसऱ्या टोकास जाऊ. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची आरंभीची वसाहत. डोंबिवलीची वसाहत त्याच दशकातली. या वसाहतींत जे लहान कारखाने उभे राहिले, त्यांचे घर आजही कोणासही पाहता येईल, आणि ते गिरणीहून व पॉवर हाऊसहून सर्वस्वी निराळे आहे. पुढे रस्त्यालगत काँक्रीटच्या सांगाड्याचा दुमजली भाग: खाली माल उतरविण्याची जागा व भांडार, वर कचेरी. मागे लोखंडी कैच्यांवर पत्र्याचे छप्पर असलेली शेड, खाली कोबा. एका भिंतीवर विजेचा फलक, तेथून छताखालून तारांचे नळ, आणि प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर एकेक उतरलेला. गिरणीत वेगळ्या बंगल्यात बसणारी कचेरी येथे कारखान्याच्या पोटाशी आली आहे. दोहोंमध्ये एक काचेचे तावदान. मालक वरून खाली पाहतो, कामगार खालून वर पाहतो. यात समता आली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही, परंतु अंतर कमी झाले हे खरे. जागा कमी पडली की शेडमध्ये पोटमाळा निघतो, आणि पोटमाळ्यावर जड खोकी चढतात. कचेरीच्या मजल्याचा हिशेब माणसे व मेजे यांच्या वजनाचा असतो, भांडाराचा निराळा, यंत्राचा तिसराच. हे भान सुटले की इमारत आतून म्हातारी होऊ लागते.

उजेडाच्या बाबतीत आपण इंग्लंडची नक्कल डोळे मिटून केली, असे म्हणावे लागते. करवतीच्या दातांसारखे छप्पर आणि दातांच्या उभ्या बाजूस उत्तरेकडे काच, ही लँकेशायरची युक्ती. तेथे माध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेसच असतो, त्यामुळे उत्तरेकडून येणारा उजेड शीतल व सारखा. आपले ठाकुर्ली एकोणीस अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य येथे डोक्याच्या उत्तरेस असतो. जून-जुलै ढगांत जातात म्हणून बरे. छळ होतो तो मेच्या उत्तरार्धात, जेव्हा उष्मा कळसास पोहोचलेला असतो. दुसरा दोष पावसाळ्यात कळतो. दोन दातांच्या मधल्या पन्हळीत सगळ्या छपराचे पाणी जमते. जेथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो तेथे ती पन्हळ पानांनी वा काजळीने तुंबली, की पाणी नेमके यंत्रांच्या ओळीवर गळावयाचे. आमच्या कोकणातील सुताराने दोन उतारांची पाखी आणि लांब पागोळ्या यांची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालविली ती अडाणीपणाची नव्हती. डोंबिवलीतील पुष्कळ शेडींनी शेवटी करवत टाकून साधे दुपाखी छप्पर, मधूनमधून पारदर्शक पत्रा आणि माथ्यावर वारा जाण्याची फट हा मार्ग धरला, तो अनुभवाचाच परिणाम होय. सिमेंटच्या पत्र्याखाली उकाडा होतो ही तक्रार मात्र त्यानेही मिटली नाही.

कायद्यानेही घराचे माप ठरविले. हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ सालचा. १९४८ च्या कायद्याने नव्या कारखान्यात दर कामगारामागे ५०० घनफूट हवा असली पाहिजे असे बंधन घातले, आणि ती मोजताना जमिनीपासून १४ फुटांवरची जागा धरू नये असे स्पष्ट सांगितले. या शेवटच्या अटीत सगळी खोच आहे. उंच छप्पर दाखवून माणसे दाटीने उभी करण्याची वाट तिने बंद केली. ज्या कोणी ते कलम लिहिले त्याने गिरणी आतून पाहिली असावी.

तथापि विजेने एक गोष्ट केली जिची दखल कोणत्याही कलमाने वेळेवर घेतली नाही. तिने कारखान्याचे निशाण काढून घेतले. गिरणीचे धुराडे दुरून दिसे. लोक त्याच्यापासून अंतर राखीत किंवा निदान जाणून-बुजून त्याच्या सावलीत राहत. तारेवर चालणारा कारखाना कोठल्याही गल्लीत, कोठल्याही भिंतीआड बसू शकतो. बाहेरून पाहणाऱ्यास आत पुठ्ठ्याची खोकी होतात की स्फोटक द्रव्ये ढवळली जातात, हे कळावयास मार्ग नाही. रासायनिक कारखान्यास वाफ लागतेच, त्याचे बॉयलर व पात्रे असतातच. पण ती पत्र्याच्या त्याच निरुपद्रवी पाखीखाली झाकलेली असतात. डोंबिवलीत वसाहत आधी आली आणि घरे मागाहून तिच्या कुंपणापर्यंत आली. २६ मे २०१६ रोजी तेथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारा माणसे मेली आणि दूरदूरच्या घरांची तावदाने फुटली. २३ मे २०२४ रोजी, आठ वर्षांनी, त्याच वसाहतीत पुन्हा तसाच स्फोट झाला आणि पुन्हा माणसे मेली. प्रत्येक वेळी चौकशी यंत्रांची व परवान्यांची झाली. ती व्हावयासच हवी. परंतु इमारतीचा प्रश्न उरतोच: दोन शेडींमध्ये किती अंतर, स्फोट झाला तर भिंतीने कोणीकडे फुटावे, हलके छप्पर आधी उडून दाब वर निघून जावा अशी सोय आहे की नाही, कचेरीतील माणसांना बाहेर पडावयास यंत्रशाळेतून जावे लागते की वेगळा जिना आहे. पॉवर हाऊसच्या बांधणाऱ्यांनी बॉयलरघर, टर्बाइनचे दालन व नियंत्रणाची खोली वेगवेगळी ठेविली तेव्हा त्यांनी हेच प्रश्न स्वतःला विचारले होते. शक्तीची निर्मिती दृष्टीआड झाली आणि तिच्याबरोबर ही सावधगिरीही दृष्टीआड झाली.

ठाकुर्लीची चूल गेल्या शतकाच्या नवव्या दशकात विझली. बाहेरून वीज विकत घेणे रेल्वेस सोयीचे झाले आणि साठ वर्षांच्या जुन्या बॉयलरांना कोळसा घालणे परवडेनासे झाले. ज्या पंधराशे व्होल्टच्या एकदिश प्रवाहासाठी ते घर बांधले होते तो प्रवाहही पुढे गेला. २०१५ साली मुंबईच्या मुख्य मार्गावर आणि २०१६ साली हार्बर मार्गावर पंचवीस हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने त्याची जागा घेतली.

ठाकुर्लीचे पॉवर हाऊस चालू झाले त्याच १९२९ साली लंडनमध्ये टेम्सकाठी बॅटरसी येथे कोळशाच्या पॉवर हाऊसचा पाया घातला गेला, आणि तेही १९८३ साली बंद पडले. पण १९८० सालीच त्याची नोंद संरक्षित वास्तूंत झाली होती. जवळजवळ चाळीस वर्षे ते ओसाड राहिले, मालकांमागून मालक झाले, आणि अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये ते लोकांस खुले झाले. आता त्याच्या टर्बाइनच्या दालनांत दुकाने आहेत आणि बॉयलरघराच्या पोकळीत कचेऱ्यांचे मजले बसविले आहेत. जे घर कोळशाच्या कोठारांचे ओझे सहज पेलीत होते त्यास मेजांचे व माणसांचे ओझे जड नाही. यारीसाठी राखलेली उंची आता उजेडासाठी उपयोगी पडते. मुंबईतही गिरण्यांच्या आवारांत बाजार व कचेऱ्या आल्या, परंतु तेथे बहुधा आधी इमारत पाडली आणि मग जमीन वापरली. ठाकुर्लीची जमीन रेल्वेची, म्हणजे सर्वांची आहे; स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे; आणि रोज सकाळी तिच्यासमोरून डोंबिवली-कल्याणची लक्षावधी माणसे कचेऱ्यांत व कारखान्यांत कामास बसावयाला चाळीस-पन्नास किलोमीटर दूर मुंबईस जातात.